मसुराचे पठार आणि दगडी भिंती



इटली म्हटले की रोमचे जुने रंगमंडल, व्हेनिसचे कालवे आणि पिसाचा कललेला मनोरा एवढेच डोळ्यांपुढे येते. शाळेच्या पुस्तकातही तेवढेच असते. पण नकाशा नीट पाहिला तर त्या बुटाच्या आकाराच्या देशाला वरपासून खालपर्यंत एक कणा आहे. त्याला अपेनाइन पर्वत म्हणतात. या कण्यावर शेकडो छोटी दगडी गावे घारीच्या घरट्यांसारखी बसलेली आहेत. तिथे रेल्वे जात नाही, मोठ्या बस जात नाहीत. जातात ते अरुंद वळणांचे रस्ते. गेल्या मे महिन्याच्या अखेरीस, शाळेला सुट्टी असताना, आम्ही उभयतांनी मोटारसायकलवरून पाच दिवस हा भाग पाहिला. या महिन्याच्या सफरनाम्यात त्याचीच हकिगत.

आमचा भाचा रोममध्ये एका हॉटेलच्या भटारखान्यात काम करतो. बऱ्याच वर्षांपासून तो बोलावत होता. "मामू, मुमानी, रोम दोन दिवसांत पाहून होईल. मग पुढे काय करणार?" असे तोच म्हणाला आणि भाड्याच्या मोटारसायकलची कल्पनाही त्यानेच काढली. गाडी मिळाली ती आपल्या तमिळनाडूत बनलेली रॉयल एनफील्ड हिमालयन. परक्या देशात गावाकडचे माणूस भेटावे तसे वाटले. आमच्यापैकी एकाने चालवायचे आणि एकीने मागे बसून नकाशा सांभाळायचा, असे ठरले.

आधी कामाच्या गोष्टी सांगतो. आपल्याकडच्या परवान्यासोबत आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढावा लागतो. तो वर्षभर चालतो, आणि मूळ परवानाही सोबत लागतो. तिकडे गाड्या उजव्या बाजूने चालतात. चौकातल्या गोल वर्तुळाला उलट्या दिशेने वळसा घालावा लागतो आणि आधीच वर्तुळात असलेल्याला वाट द्यावी लागते. हेल्मेट दोघांनाही सक्तीचे. गावात ताशी ५० आणि गावाबाहेरच्या साध्या रस्त्यावर ९० किलोमीटरची मर्यादा असते. हिरव्या पाट्या द्रुतगती मार्गाच्या, निळ्या पाट्या साध्या रस्त्यांच्या. आम्ही निळ्या पाट्या धरून चाललो. जुन्या शहरांच्या गाभ्यात बाहेरच्या वाहनांना बंदी असते आणि तिथे कॅमेरे लावलेले असतात, म्हणून गाडी वेशीबाहेर लावून पायी आत जावे. पेट्रोलला 'बेन्झिना' म्हणतात आणि डिझेलला 'गाझोलिओ'. ही दोन नावे पाठ करूनच निघावे, कारण दुपारी एक ते चार गावेच्या गावे झोपलेली असतात आणि पंपावर आपले आपणच भरून घ्यावे लागते.

भगिनींसाठी एक सूचना. जाड ओढणीवर हेल्मेट नीट बसत नाही आणि सैल बसलेले हेल्मेट निरुपयोगी. आत पातळ सुती टोपी घालावी आणि ओढणी जॅकेटच्या आत घट्ट खोचावी. वाऱ्यात फडफडणारे कापड चाकात किंवा साखळीत गेले तर जीवावर बेतते.

पहिल्या दिवशी रोमहून निघालो ते 'विया सालारिया'ने. सालारिया म्हणजे मिठाची वाट. रोमन काळाच्याही आधीपासून या वाटेने मीठ डोंगरापलीकडे जात असे. आज तो राष्ट्रीय मार्ग क्रमांक ४ आहे. रिएती शहर ओलांडले आणि तेर्मिनिल्लो डोंगराची चढण लागली. बीच झाडांच्या गर्द रानातून वळणावर वळण घेत रस्ता लेओनेस्साच्या खिंडीत जातो. उंची १,९०१ मीटर. आपले कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटरचे. म्हणजे आपल्या राज्याच्या सर्वांत उंच टोकापेक्षाही वर तिथे डांबरी रस्ता आहे. मे संपत आला तरी सावलीत बर्फाचे मळकट तुकडे पडलेले होते. अवघड वळणाला तिकडे 'तोर्नान्ते' म्हणतात. समोरून येणारे मोटारसायकलवाले डावा हात खाली सोडून दोन बोटांनी सलाम करतात. वाट दिली तर जाताना एक पाय बाजूला काढून आभार मानतात. दुसऱ्या दिवसापर्यंत आम्हीही सराईतासारखे बोटे दाखवू लागलो.

मुक्काम नोर्चा गावी. गावाभोवती अख्खा तट आहे आणि इसवी सन ४८० च्या सुमारास ख्रिस्ती संत बेनेडिक्ट यांचा जन्म इथेच झाला. पण इटलीत या गावाची ओळख दुसरीच आहे. डुकराचे मांस टिकवण्यात इथले लोक इतके वाकबगार की त्या धंद्याचे नावच या गावावरून पडले. दर दुसऱ्या दुकानाबाहेर मांड्या टांगलेल्या! जेवायचे काय, हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला. उत्तरही त्याच गावाने दिले. डोंगरावरच्या पठाराची मसूर इथे विकायला येते. दाणा बारीक, साल पातळ, न भिजवता शिजते. मसुराचे सार, गव्हाचा पाव, वर ऑलिव्हचे तेल. पाच दिवस आम्ही बहुतेक याच्यावर काढले आणि कधी उपाशी राहिलो नाही. मात्र विचारून खावे. 'माइआले' म्हणजे डुक्कर, 'ग्वान्चाले' म्हणजे त्याच्या गालाचे मांस, 'स्त्रुत्तो' म्हणजे त्याची चरबी. ही चरबी पावात आणि बिस्किटांतही असू शकते. 'सेन्झा' म्हणजे शिवाय. 'सेन्झा कार्ने, सेन्झा स्त्रुत्तो' एवढे म्हटले की म्हातारी खानावळवाली आत जाऊन डबा बघून येई आणि मान हलवून होय-नाही सांगे. कोणी तोंड वाकडे केले नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आम्ही उमरगा तालुक्यातले. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आमच्या पिढीच्या स्मरणातून जाणे शक्य नाही. तीन वाजून छपन्न मिनिटांनी किल्लारी-सास्तूरचा पट्टा हलला आणि दहा हजारांच्या जवळपास माणसे गेली. आदल्या रात्री गणपती विसर्जन झाले होते. दोन-अडीच फूट जाडीच्या दगड-मातीच्या भिंती आणि डोक्यावर मातीचे माळवद. झोपलेल्या माणसांवर घरच कोसळले. आमच्या वर्गातली दोन बाके त्यानंतर रिकामीच राहिली.

ज्या भागात आम्ही फिरत होतो, तो इटलीचा किल्लारी पट्टा आहे. २४ ऑगस्ट २०१६ रोजी पहाटे ३ वाजून ३६ मिनिटांनी इथे भूकंप झाला आणि सुमारे ३०० माणसे मेली. त्यांतली बहुतेक आमात्रिचे, आक्कुमोली आणि आर्क्वाता या गावांतली. पण त्या रात्री नोर्चात एकही मृत्यू झाला नाही. दोन्ही गावे एकाच डोंगराच्या दोन अंगांना, केंद्रापासून फार दूर कोणीच नाही. मग फरक कशाचा? नोर्चाला १९७९ साली मोठा धक्का बसला होता, १९९७ साली पुन्हा आसपास हादरा बसला. दोन्ही वेळेला तिथल्या लोकांनी घरे बांधून काढली. भिंतींना लोखंडी सळया आरपार घालून बाहेरून पट्ट्यांनी आवळल्या, सांध्यांत नवा मसाला भरला, छत आणि भिंत एकमेकांना बांधली. आमात्रिचेच्या बाजूला ओबडधोबड दगड आणि हलक्या चुन्याच्या भिंती तशाच राहिल्या होत्या. काही घरांवर तर जुनी लाकडी छपरे काढून काँक्रीटची जड छते चढवलेली होती. भिंत कमकुवत आणि डोक्यावर ओझे जास्त.

त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला सकाळी ७ वाजून ४० मिनिटांनी नोर्चाजवळ आणखी मोठा, ६.५ तीव्रतेचा धक्का बसला. संत बेनेडिक्टचे मोठे देऊळ पडले, फक्त दर्शनी भिंत उभी राहिली. तरी त्या धक्क्याने थेट कोणाचा जीव गेला नाही. आधीच्या हादऱ्यांनंतर माणसे धोक्याच्या घरांतून हलवलेली होती, आणि जी घरे होती त्यांनी राहणाऱ्यांना बाहेर पडायला वेळ दिला. घर पडले तरी चालेल, माणूस निघेपर्यंत उभे राहिले पाहिजे, हे गणित आम्हाला त्या तटाच्या आत फिरताना समजले.

हे आम्ही इतके बारकाईने का पाहत होतो, तेही सांगतो. गावी आमच्या अब्बांचे जुने घर आहे. १९९३ च्या धक्क्यात ते तडकले, पण पडले नाही. थोरले भाईजान तिथे राहतात. पुतण्याचे लग्न ठरले आहे आणि भाईजानांना माळवद काढून त्या जागी स्लॅब टाकून वर दोन खोल्या चढवायच्या आहेत. गवंड्याशी बोलणे झाले होते, सळईचा भावही काढला होता. "तीस वर्षांत काही झाले नाही, आता काय होणार?" हे त्यांचे म्हणणे. आम्ही निघालो तेव्हा कामाची तारीख ठरायची बाकी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नोर्चाहून कास्तेल्लुच्चोचा घाट चढलो. वर पोहोचताच श्वास अडकतो. चारही बाजूंनी डोंगर आणि मधे परातीसारखे सपाट पठार. झाड एकही नाही. हेच ते मसुराचे पठार, 'पियानो ग्रांदे'. जूनच्या अखेरीस इथे पिकात खसखशीची लाल आणि निळी-पिवळी रानफुले उमलतात, तेव्हा हजारो लोक पाहायला येतात. आम्ही गेलो तेव्हा मसूर बोटभर उंच होती आणि पठारावर हिरव्या रंगाच्या पट्ट्या दिसत होत्या. एका डोंगरउतारावर इटलीच्या नकाशाच्या आकाराचे वन लावलेले आहे. भूगोलाच्या तासाला दाखवायला फोटो घेतला.

पठाराच्या कडेला टेकडीवर, १,४५२ मीटर उंचीवर, कास्तेल्लुच्चो गाव होते. 'होते' म्हणावे लागते, कारण ३० ऑक्टोबरच्या धक्क्यात ते जवळजवळ सारे कोसळले. टेकडीवर क्रेन उभ्या आहेत आणि पायथ्याला लाकडी दुकाने. समोरच्या वेत्तोरे डोंगराच्या उतारावर सुरीने ओढल्यासारखी एक पांढुरकी रेघ दिसते. त्या दिवशी तिथली जमीन खचली, कुठे कुठे माणसाच्या उंचीएवढी. अल्लाहच्या कुदरतीपुढे माणूस केवढासा, हे त्या रेघेकडे पाहून कळते.

गाव गेले, रस्ते तुटले, तरी शेतकरी थांबले नाहीत. २०१७ च्या वसंतात मसूर पेरायची वेळ आली तेव्हा रस्ते धोक्याचे म्हणून बंद होते. शेतकऱ्यांनी धरणे धरल्यासारखा तगादा लावला, तात्पुरती वाट मोकळी झाली आणि ट्रॅक्टरांची रांग पठारावर चढली. घर नाही, पण पेरणी झाली. आम्ही एका लाकडी दुकानातून दोन किलो मसूर घेतली. दुकानदार बाई साठीच्या पुढच्या. फोनवरच्या भाषांतराच्या मदतीने आम्ही विचारले, "खाली का राहत नाही?" त्यांनी आधी पठाराकडे बोट दाखवले, मग मसुराच्या पिशवीकडे, आणि खांदे उडवले. पुढे भाषांतराची गरज पडली नाही.

फोर्का दि प्रेस्ता ही १,५३६ मीटरची खिंड ओलांडताना ढग खाली आले. दहा हातांपुढे काही दिसेना. दिवे लावून, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, कडेची पांढरी रेघ धरून उतरलो. मागे बसणारीने मोठ्याने वळणे मोजली आणि चालवणाऱ्याने फक्त 'हं' म्हटले. दोघांचे आठवणारे सर्वांत लांब मौन तेच असावे! खाली आर्क्वाताजवळ ढग फाटले, तेव्हा समोर उन्हात मोकळी झालेली टेकडी दिसली. पेस्कारा देल त्रोन्तो नावाची वस्ती तिथे होती. आज तिथे घर नाही.

आमात्रिचे गावचा नुसता उच्चार केला तरी इटालियन माणसाला जेवण आठवते. तिथल्या सॉसचे नाव जगभर आहे, आणि आपल्याला तो चालत नाही, कारण त्यात तेच ग्वान्चाले. गावात आता सपाट केलेला विस्तीर्ण चौथरा, पायाचे खड्डे, क्रेन आणि मधे एकटा उभा असलेला जुना घड्याळाचा मनोरा. बाहेरच्या बाजूला एकमजली तात्पुरत्या घरांच्या रांगा. सासरी-माहेरी किल्लारीनंतरचे पत्र्याचे निवारे पाहिलेल्या माणसाला हे सारे ओळखीचे. शाळेजवळ मात्र आमचे पाय थबकले. गावची जुनी शाळा २०१२ मध्ये दुरुस्त झाली होती, तरी भूकंपात ढासळली. ऑगस्टची सुट्टी आणि पहाटेची वेळ, म्हणून वर्ग रिकामे होते. इटलीत सगळीकडे नशीब असे साथीला नव्हते. ३१ ऑक्टोबर २००२ रोजी दक्षिणेकडच्या सान जुलियानो गावात शाळा भरलेली असताना धक्का बसला. २७ मुले आणि एक शिक्षिका गेली. गावातल्या इतर इमारती बहुतेक उभ्या राहिल्या, शाळाच पडली. कारण शोधले तेव्हा दिसले की जुन्या दगडी इमारतीवर काँक्रीटचा नवा मजला चढवलेला होता. पुढच्याच वर्षी सरकारने संपूर्ण देशाचा भूकंपप्रवण नकाशा नव्याने केला.

जुनी दगडी भिंत आणि वर काँक्रीटचा मजला. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. त्या रात्री काम्पोतोस्तोच्या तलावाकाठी मुक्काम होता. भाईजानांना फोन लावला. ते ऐकून घेऊन एवढेच म्हणाले, "इटलीतून मला बांधकाम शिकवता का?" आणि फोन ठेवला. त्यांचे रागावणे आम्हाला समजले. पोराचे लग्न तोंडावर, सून कुठे ठेवायची हा खरा प्रश्न होता.

तिसऱ्या दिवशी कापान्नेल्ले खिंड ओलांडून कांपो इंपेरातोरेला चढलो. इटलीचे लोक याला 'छोटा तिबेट' म्हणतात. सुमारे सत्तावीस किलोमीटर लांबीचे, सरासरी १,८०० मीटर उंचीचे उघडे पठार. मधून एक रस्ता, दोन्ही बाजूंना गवत, मोकळे घोडे आणि मेंढ्यांचे कळप. वर ग्रान सास्सोचे २,९१२ मीटरचे शिखर, अपेनाइनमधले सर्वांत उंच. याच पठाराच्या टोकाला असलेल्या हॉटेलात १९४३ मध्ये मुसोलिनीला कैदेत ठेवले होते आणि १२ सप्टेंबरला जर्मन सैनिकांनी ग्लायडर उतरवून त्याला सोडवून नेले. इतिहासाच्या पुस्तकातला माणूस आणि समोर चरणाऱ्या मेंढ्या, दोन्ही एकाच वाऱ्यात. वाऱ्याने गाडी सारखी बाजूला ढकलत होती. जोहरची कसर नमाज आम्ही रस्त्याकडेच्या झऱ्यावर वुजू करून गवतावर पढलो. या डोंगरात जवळजवळ प्रत्येक गावाला पाण्याचा वाहता नळ असतो, पिण्यालाही चालतो. मे-जूनमध्ये तिथे मगरिब पावणेनऊच्या सुमारास होते, इशाला साडेदहा वाजून जातात, हे ध्यानात ठेवून मुक्काम ठरवावा.

या मेंढ्यांची एक वाट फार जुनी आहे. थंडी पडली की मेंढपाळ कळप घेऊन खाली दक्षिणेच्या मैदानात जात आणि उन्हाळ्यात परत वर येत, अगदी आपल्या धनगरांसारखे. लाक्विला ते फोज्जा ही त्यांची मोठी वाट २४४ किलोमीटरची. २०१९ मध्ये युनेस्कोने या प्रथेची नोंद अमूर्त सांस्कृतिक वारशात केली. वाट जिथे संपते त्या फोज्जाजवळच लुचेरा नावाचे शहर आहे. तेराव्या शतकात सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने सिसिलीतल्या मुसलमानांना उचलून तिथे वसवले. तिथे त्यांची शेती होती, कारागिरी होती, मशिदी होत्या. १३०० साली पुढच्या एका राजाने ती वस्ती मोडली आणि बहुतेकांना गुलाम म्हणून विकले. गावे भूकंपानेच उजाड होतात असे नाही.

तिसरा मुक्काम सान्तो स्तेफानो दि सेस्सानियो. उंची १,२५० मीटर, वस्ती शंभरच्या आसपास. दगडी बोळ, कमानी, आणि माथ्यावर गोल मनोरा. तो मनोरा २००९ च्या भूकंपात पडला होता, आता पुन्हा बांधला आहे. इथे एक हिकमत पाहायला मिळाली. गावात एक मोठे हॉटेल बांधण्याऐवजी रिकाम्या घरांच्या खोल्या दुरुस्त करून पाहुण्यांना देतात. नोंदणी एका घरात, खोली दुसऱ्या बोळात, न्याहारी तिसरीकडे. विखुरलेले हॉटेलच म्हणा. ही कल्पनाही भूकंपातूनच निघाली. १९७६ च्या भूकंपानंतर उत्तरेकडच्या फ्रिउलीत दुरुस्त केलेली घरे रिकामी पडली, तेव्हा तिथे सुचली. गल्फ आणि मुंबईला गेलेल्यांच्या कुलूपबंद घरांनी भरलेली कोकणातली गावे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांनी यावर जरूर विचार करावा. पण हेही सांगितले पाहिजे की संध्याकाळी पाहुणे खोलीत गेल्यावर त्या बोळात मुलाचा एकही आवाज नव्हता. गाव राहते ते पाहुण्यांनी नव्हे, शाळेच्या घंटेने.

चौथ्या दिवशी लाक्विला. तेराव्या शतकात आसपासच्या अनेक गढ्यांच्या लोकांनी मिळून वसवलेले शहर. लोक ९९ गावांची कथा सांगतात, आणि ९९ तोट्यांचे कारंजे खरोखरच आहे. ६ एप्रिल २००९ च्या पहाटे ३ वाजून ३२ मिनिटांनी इथे ३०९ माणसे मेली. विद्यार्थ्यांचे वसतिगृह पडले, त्यात आठ तरुण गेले. बेघरांसाठी सरकारने शहराबाहेर १९ ठिकाणी नव्या वसाहती बांधल्या. इमारतींखाली हादरा शोषणारे खांब बसवले, त्यामुळे त्या भक्कम आहेत. सुमारे पंधरा हजार लोक तिथे राहायला गेले. पण बाजार नाही, चौक नाही, ओळखीचे शेजारी नाहीत, अशी तक्रार राहिली. आपल्याकडेही बावन्न गावे जुन्या जागेवरून हलवली. रुंद रस्ते मिळाले, घर पक्के मिळाले, आणि म्हाताऱ्यांनी उंबऱ्यावर बसायची जागा हरवली. लाक्विलाच्या लोकांनी मात्र जुने शहरही सोडले नाही. 'जसे होते तसे, जिथे होते तिथे' असा आग्रह धरून एकेक घर आतून लोखंडाने बांधून उभे केले. त्याला पंधरा वर्षांहून अधिक काळ लागला आणि काम अजून सुरूच आहे. २०२६ सालासाठी इटलीने याच शहराला आपली सांस्कृतिक राजधानी म्हणून निवडले.

दुपारी सुल्मोनात थांबलो. इथली साखरेत घोळवलेली बदाम लग्नकार्यात वाटतात. पुतण्याच्या लग्नासाठी एक डबा घेतला. मग साजित्तारिओ नदीच्या खोल घळीतून, कडा फोडून काढलेल्या बोगद्यांतून स्कान्नोला पोहोचलो. या गावातल्या काळे झगे आणि डोक्यावर काळे वस्त्र घेणाऱ्या बायकांचे फोटो आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी १९५१ मध्ये काढले, पुढे मारिओ जाकोमेल्ली यांनीही काढले, आणि गाव जगाला माहीत झाले. आता तसा पोशाख क्वचितच दिसतो. चौकातल्या बाकावरच्या आजीबाईंनी आमची ओढणी पाहिली, स्वतःच्या डोक्याला हात लावून काही तरी म्हटले आणि हसल्या. आम्हीही हसलो. भाचा असता तर शब्द कळले असते, पण अर्थ तसाही कळला.

पाचव्या दिवशी गोदी खिंड, मग अब्रुत्सो राष्ट्रीय उद्यान. हे उद्यान १९२२-२३ मधले. इथल्या खास जातीची अस्वले शंभरही उरलेली नाहीत. पाट्या सांगतात, हळू चालवा. दियाव्होलो खिंडीतून उतरलो की आवेत्सानोचे सपाट खोरे लागते. १३ जानेवारी १९१५ च्या भूकंपात या खोऱ्यात तीस हजारांच्या आसपास माणसे गेली. शंभर वर्षांत त्याच डोंगररांगेत तोच धडा पुन्हा पुन्हा. तिथून तालियाकोत्सो, तिवोली करत संध्याकाळी रोममध्ये. पाच दिवसांत साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास. गाडी एकदाही रुसली नाही, अल्हम्दुलिल्लाह.

घरी आल्यावर भाईजानांकडे गेलो. बदामाचा डबा भाभींच्या हातात दिला आणि फोनवरचे फोटो भाईजानांपुढे ठेवले. ते चष्मा लावून आमात्रिचेचा चौथरा बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "हे आपल्या सास्तूरसारखेच की." दुसऱ्या दिवशी त्यांनी तालुक्याहून एका इंजिनिअरला बोलावले. त्याने भिंतीत छिद्र पाडून पाहिले. आत नुसता दगड आणि माती, दोन थरांना जोडणारा एकही लांब दगड नाही. वर स्लॅब पेलणार नाही, असे त्याने स्पष्ट सांगितले. आता परसात, वेगळ्या पायावर, खांब-तुळयांच्या दोन खोल्या होत आहेत. खर्च वाढला. भाईजान अजून थोडे नाराज आहेत आणि लग्न दोन महिने पुढे गेले. जुन्या घराचे काय करायचे हे अजून ठरलेले नाही. माळवदाची माती कमी करून छत हलके करावे आणि भिंतींना चारही बाजूंनी पट्टा बांधावा, असे इंजिनिअरचे म्हणणे आहे. अब्बा ज्या कोनाड्यात दिवा ठेवत, ती भिंत पाडायला कोणीच तयार नाही.

वाचकहो, इटलीला जायलाच हवे असे नाही. पण आपापल्या गावच्या घराकडे एकदा या नजरेने पाहा. भिंत दगड-मातीची असेल तर जाणकाराला दाखवल्याशिवाय तिच्यावर स्लॅब किंवा मजला चढवू नका. बाहेरच्या बाजूला पोट सुटलेली भिंत, कोपऱ्यातली उभी फट, छतावर दरवर्षी चढणारा मातीचा नवा थर, ही दुखण्याची लक्षणे आहेत. पलंग अशा भिंतीला लावून झोपू नका. आणि पालकसभेला जाल तेव्हा प्रगतिपुस्तकाबरोबर आणखी एक गोष्ट विचारा: आमची मुले ज्या वर्गात बसतात त्या इमारतीची तपासणी शेवटची कधी झाली? आम्ही मास्तर लोक हा प्रश्न वरच्या कार्यालयात विचारतोच, पण पालकांनी विचारला तर फाईल लवकर हलते, हा आमचा वीस वर्षांचा अनुभव आहे.

पठारावरून आणलेल्या मसुरातली एक किलो संपली. न भिजवता, लसणाची फोडणी देऊन केली तर उत्तम होते. भाभी म्हणतात, आपल्या मसुराला ती चव नाही. भाईजान म्हणतात, आपलीच चांगली. तेवढा वाद घरात चालू आहे.